उत्तर: म्हातारपणाच्या सुरकुत्या पेन्सिलीने काढाव्यात का?

म्हातारं दिसण्याच्या मेकअपसाठी तपकिरी पेन्सिलीने चेहऱ्यावर सुरकुत्या रेखाटा, असं आधीच्या एका उत्तरात सुचवलंय. लांबून, रंगमंचावर ते चालतं. कॅमेऱ्यासमोर नुसत्या रेघाच दिसतात. त्यापेक्षा लिक्विड लेटेक्स (सुकल्यावर रबरासारखा पापुद्रा होणारा द्रव) वापरा. सुरकुती ज्या दिशेने हवी, तिच्या काटकोनात त्वचा ताणून धरा (यासाठी दुसरा माणूस लागतोच), स्पंजने पातळ थर टिपा, ड्रायरच्या गार हवेने पूर्ण सुकवा आणि ताण सोडण्याआधी पावडर लावा; ताण सोडला की सुरकुत्या पडतात. पावडर विसरलात तर लेटेक्स स्वतःलाच चिकटून गोळा होतो. असे दोन-तीन थर पुरतात. एकच जाड थर दिला तर कडा सुटतात. भुवयांना आधी व्हॅसलीन चोपडा, नाहीतर लेटेक्स काढताना केस उपटले जातील. काहींना लेटेक्सची अॅलर्जी असते, म्हणून आदल्या दिवशी हातावर चाचणी हवीच.