उपाध्यक्षपदाचा उमेदवार राज्य आणून देतो?
अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल कुणीतरी म्हटलंय की उपाध्यक्षपदासाठी सोबतीचा उमेदवार मोठ्या राज्यातला घेतला की ते राज्य खिशात. १९६० साठी हे बऱ्यापैकी पटतं. केनेडींनी टेक्सासचे जॉन्सन घेतले आणि टेक्सास साधारण ४६ हजार मतांनी जिंकलं.

पण १९८८ बघा. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस यांनी त्याच टेक्सासचे सिनेटर लॉइड बेंटसन घेतले. वादविवादात बेंटसननी 'तुम्ही काही जॅक केनेडी नाही' म्हणत प्रतिस्पर्धी बुश यांच्या सोबतीचे उमेदवार डॅन क्वेल यांना पार गप्प केलं. आणि निकाल? टेक्सास बुश यांच्याकडे. गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच मतदारांनी बेंटसनना सिनेटवर मात्र पुन्हा निवडून दिलं! (दोन्ही निवडणुका एकदम लढवायची सोय टेक्सासने जॉन्सनसाठीच केली होती.) म्हणजे माणूस हवा होता, जोडी नको होती. २००४ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलायना, २०१२ मध्ये रायन यांचं विस्कॉन्सिन, तीच गत: राज्य हातचं गेलं.

माझ्या मते निवड चुकली तर मात्र नक्की भोवते. १९७२ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांना आपले सोबतीचे उमेदवार ईगलटन यांना अठरा दिवसांत बदलावं लागलं. निक्सनविरुद्ध मॅकगव्हर्न तसेही हरलेच असते म्हणा, पण निर्णयक्षमतेचं हसं झालं ते झालंच.