मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाने अभियांत्रिकी येते का?

विद्युत देखभाल, कुपवाड (धागाकर्ता)

सांगली-साताऱ्याकडच्या डिप्लोमाच्या आणि पदवीच्या मुलांनी महाविद्यालय सुरू असतानाच दर सत्रात निदान एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम, तोही नुसता पाहून न सोडता परीक्षा देऊन, पुरा करावा असे माझे ठाम मत आहे. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत विद्युत देखभालीचे काम करतो. माझे शिक्षण डिप्लोमापर्यंत झाले आहे आणि पुढचे जे काही शिकलो ते नोकरी सांभाळून, रात्री, मोबाइलवर शिकलो.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या निधीतून 2003 मध्ये एनपीटीईएल हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम सुरू केला. 2014 पासून त्यात प्रमाणपत्राची सोय झाली आणि 2017 पासून हे अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर मिळतात. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात आणि दर आठवड्याला असाइनमेंट असते. शिकण्याला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर अलीकडच्या वर्षांत हजार रुपयांच्या आसपास असलेले शुल्क भरून केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. गुणांत असाइनमेंटचा वाटा 25 आणि परीक्षेचा 75 असतो, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागतात. अमेरिकेतील एमआयटीने तर 2001 मध्येच आपले वर्गातील साहित्य सर्वांना खुले करण्याची घोषणा केली होती.

माझा लाभ नेमका काय झाला ते सांगतो. किरचॉफचे दोन नियम (सर्किटमधला करंट आणि व्होल्टेज यांचा हिशेब मांडणारे) आम्ही डिप्लोमाला पाठ केले, त्यांवरची गणिते सोडवली, गुणही मिळवले. पण हे नियम कधी लागू पडतात आणि कधी पडत नाहीत, हा प्रश्न वर्गात कधी निघालाच नाही. एमआयटीच्या अनंत अगरवाल यांच्या सर्किट्सच्या अभ्यासक्रमात मात्र सुरुवातच तिथून होते. परिपथाचा, म्हणजे सर्किटचा, आकार विद्युतचुंबकीय तरंगलांबीच्या मानाने फार लहान असला, तरच ते नियम बिनधास्त वापरता येतात. 50 हर्ट्झला ही तरंगलांबी सुमारे 6,000 किलोमीटर असते, त्यामुळे कारखान्यातल्या पॅनेलला काळजी नाही. 1 गिगाहर्ट्झला ती 30 सेंटीमीटरवर येते आणि तेव्हा बोर्डावरची तांब्याची रेघसुद्धा साधी वायर राहत नाही. हे समजल्यावर आमच्याकडचा एक जुना त्रास मला पहिल्यांदा उलगडला. व्हीएफडी ड्राइव्हवर (मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) चालणाऱ्या आणि पॅनेलपासून दूर बसवलेल्या मोटारींचे वाइंडिंग, म्हणजे आतले तारांचे वेटोळे, वरचेवर जळत असे. ड्राइव्हमधून मोटारीला गुळगुळीत 50 हर्ट्झ जात नाही, फार वेगाने चढणारे स्पंद जातात; लांब केबलच्या टोकाशी ते परावर्तित होतात आणि मोटारीच्या टर्मिनलवर ड्राइव्हच्या आतील डीसी व्होल्टेजच्या जवळजवळ दुप्पट ताण पडू शकतो. ड्राइव्हच्या पुस्तिकेत केबलच्या लांबीची मर्यादा लिहिलेली होतीच, परंतु ती का आहे हे ठाऊक नसल्याने कोणी मनावर घेत नव्हते. मर्यादेमागचे कारण सांगू शकलो म्हणूनच ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये फिल्टर बसवण्याचा खर्च मंजूर झाला.

खासगी क्लासला हजारो रुपये भरण्याआधी मुलांनी आणि पालकांनी याचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते.

अध्यापिका, विद्युत अभियांत्रिकी, कराड

आपले उदाहरण फार चांगले आहे, परंतु मला ते माझ्याच मुद्द्याच्या बाजूचे वाटते. आपण ती मोटार उघडली होती, जळक्या वाइंडिंगचा वास आपल्या ओळखीचा होता, केबल कुठून कुठे जाते हे आपल्याला पायाखालचे होते; म्हणून तरंगलांबीचे विवेचन ऐकताच ते नेमके कुठे बसवायचे हे आपल्याला उमगले. बारावीनंतर थेट आलेल्या मुलाने तेच व्याख्यान ऐकले तर त्याच्याजवळ आणखी एक पाठ केलेले वाक्य तेवढे जमा होते.

अभियांत्रिकीतील काही गोष्टी केवळ हाताने कळतात, असे माझे म्हणणे आहे. ऑसिलोस्कोपच्या (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या) प्रोबची ग्राउंड क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला लावली की तिथेच शॉर्ट होतो. हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि पहिल्या प्रात्यक्षिकात कोणी ना कोणी क्लिप घेऊन फेजकडे हात नेतोच. त्या क्षणी त्याचा हात धरणारे माणूस शेजारी असावे लागते. संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये सैल टर्मिनल नसते, केबलच्या टोकाचा गंजलेला लग नसतो, पुरवठा बंद केल्यावरही भारित राहिलेला कपॅसिटर नसतो. सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उपयोगी आहेत हे मी मान्य करते आणि मुलांना त्या करायलाही लावते, मात्र तिथले आलेख नेहमी नीटनेटके येतात आणि खऱ्या प्रयोगशाळेतले क्वचित येतात. तो फरक का पडला याचा शोध घेणे हेच तर मुलाने शिकायचे असते.

दुसरा मुद्दा आकड्यांचा आहे. आपण उल्लेख केलेला सर्किट्सचा अभ्यासक्रम 2012 मध्ये पहिल्यांदा सर्वांसाठी परीक्षेसह खुला झाला, तेव्हा सुमारे 1,55,000 जणांनी नोंदणी केली आणि सुमारे 7,000 जण उत्तीर्ण झाले. शंभरातले पाचही नाहीत. ज्या पद्धतीत शंभरातले पंच्याण्णव वाटेत गळतात, ती सर्वसामान्य विद्यार्थ्यासाठी सुचवण्याआधी आपण दहादा विचार केला पाहिजे.

तृतीय वर्ष, यांत्रिकी, मूळ गाव माण तालुका

मॅडम, आपल्याविषयी आदर राखून पूर्ण असहमती नोंदवतो. आपण वर्णन केलेली प्रयोगशाळा प्रत्येक महाविद्यालयात असती, तर हा वाद उद्भवलाच नसता. मी जिथे शिकतो तिथे एका सेटअपभोवती दहा-बारा मुले उभी असतात, दोघे रीडिंग घेतात आणि उरलेले ते उतरवून घेतात. जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून लिहिले जाते आणि सबमिशनच्या आठवड्यात सही मिळते. तोंडी परीक्षेत काय विचारणार हे आधीच्या बॅचकडून कळलेले असते. त्यामुळे ‘हाताने शिकणे विरुद्ध पडद्यावर शिकणे’ अशी आपण केलेली तुलना आमच्यापुरती खरी नाही. आमच्यापुढे दोनच पर्याय आहेत: पडद्यावर नीट शिकणे किंवा कुठेच न शिकणे.

गळतीच्या आकड्याविषयीही मला बोलायचे आहे. नोंदणीला पैसे पडत नसल्याने डोकावून पाहणारे, नोकरदार, प्राध्यापक, सगळेच नाव घालतात. त्या सर्वांना अनुत्तीर्ण विद्यार्थी मानणे योग्य नाही. सात हजार ही संख्याही आपण बाजूला सारू नये. सर्किट्सचा इतका कठीण विषय एका सत्रात इतक्या जणांना शिकवू शकेल असे एकही महाविद्यालय आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नाही.

इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. सुरुवातीला मी व्याख्याने वेग कमी करून ऐकत असे. काही अभ्यासक्रमांचे मराठी लिखित भाषांतर एनपीटीईएलवरच मिळते, ते आधी वाचून मग व्याख्यान पाहिले की बरेच सोपे जाते. उष्मागतिकीतली एन्ट्रॉपी मला अशीच समजली.

पॅनेल उत्पादक, मिरज एमआयडीसी

आमचा कारखाना लहान आहे. दर वर्षी दोन-तीन मुले घेतो, म्हणून व्यवहाराचे तेवढे सांगतो. अर्जाला पाच-पाच ऑनलाइन प्रमाणपत्रे जोडलेली असतात. मी मुलाला कागद देतो आणि स्टार-डेल्टा स्टार्टरचे (मोटार आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणाऱ्या साधनाचे) कंट्रोल सर्किट काढायला सांगतो. मग विचारतो की स्टारमध्ये सुरू करताना लाइनचा करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो, तर टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे, काय होते? टॉर्कही एक तृतीयांशच होतो, आणि म्हणून पूर्ण भाराखाली सुरू होणाऱ्या यंत्राला हा स्टार्टर चालत नाही. ज्याने विषय समजून घेतला आहे तो एवढे सांगतो, मग तो वर्गात शिकलेला असो की मोबाइलवर. प्रमाणपत्रांच्या संख्येवरून मला अजून तरी काही कळलेले नाही. मुलाखतीत मी ती पाहतही नाही.

निवृत्त शिक्षक, सातारा

मी अभियंता नाही. विज्ञान आणि गणित शिकवण्यात आयुष्य गेले, आणि या चर्चेत एक बाजू राहून जाते आहे असे वाटले म्हणून लिहितो.

मोफत शिक्षण ही साताऱ्याला नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, ज्याचे 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. त्या बोर्डिंगात फी माफ करणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग होता. सर्व जातींची मुले एकत्र राहत होती, एकत्र जेवत होती, कष्टाची कामे करून शिकत होती आणि एकाला अडले की दुसरा सांगत होता. गरीब घरातल्या मुलाला फीपेक्षाही अभ्यासाला जागा नसणे, सोबत नसणे आणि ‘आज का बसला नाहीस’ असे विचारणारे कोणी नसणे अधिक महाग पडते. ऑनलाइन अभ्यासक्रमाने फीचा प्रश्न सोडवला आहे आणि बाकीचे तीन तसेच ठेवले आहेत. शंभरातले पंच्याण्णव का गळतात याचे उत्तर मला तिथे दिसते. मुले आळशी आहेत किंवा विषय अवघड आहे, या कारणांवर माझा विश्वास नाही.

गावोगावी सार्वजनिक वाचनालये आहेत आणि संध्याकाळी त्यांतली बरीच रिकामी असतात. पाच-सहा मुलांनी तिथे जमून एकच अभ्यासक्रम घ्यावा, व्याख्यान एकत्र पाहावे, असाइनमेंट मात्र ज्याची त्याने करावी आणि मुदतीच्या आदल्या दिवशी अडलेल्या गोष्टींवर बोलावे. याला निधीही लागत नाही आणि परवानगीही फारशी लागत नाही.

विद्युत देखभाल, कुपवाड (धागाकर्ता)

गुरुजींची सूचना मला मनापासून पटली. आमच्या पाळीतली तीन-चार मुले अशी बसू शकतील.

मॅडमना एक विचारतो. आमच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी 1910 मध्ये ज्यांनी वसवली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. ते चित्रकला शिकायला मुंबईला गेले, रंग ओळखण्यातील दोषामुळे ती सोडावी लागली, मग यांत्रिक आरेखन शिकून ते तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. माणसाला शिकायचे असेल तर त्याने विद्यापीठाची वाट पाहू नये, असेच त्यातून दिसत नाही का?

अध्यापिका, विद्युत अभियांत्रिकी, कराड

लक्ष्मणरावांना पदवी नव्हती हे खरे आहे, परंतु ज्या संस्थेत ते शिकवत होते तिथे त्यांना यंत्रे हाताळायला मिळत होती. माझा आग्रह पदवीसाठी कधीच नव्हता, यंत्रासाठी आहे.

वाचनालयाची कल्पना मलाही पटते. कराडमध्ये कोणी असा गट केला तर शनिवारी यायची माझी तयारी आहे. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याने जर्नलविषयी लिहिले आहे तेही मी नाकारत नाही. पण त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. 2016 च्या नियमांनी एका सत्रातील 20 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेण्याची मुभा होती; 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती मर्यादा 40 टक्क्यांवर नेली. विद्यार्थ्याला निवड मिळावी हा त्यामागचा हेतू चांगला आहे. मात्र प्रयोगशाळा वाईट आहे म्हणून पडद्यावर शिकू, असे विद्यार्थीच म्हणू लागले, तर प्रयोगशाळा सुधारण्याचा आणि रिक्त पदे भरण्याचा दबाव कोणावर राहणार? वैकल्पिक विषय ऑनलाइन, त्याला शिक्षक नाही, आणि फी मात्र पूर्ण, अशी व्यवस्था कोणत्याही व्यवस्थापनाला सोयीचीच वाटेल.

म्हणून माझे मत असे आहे की अभ्यासक्रम जरूर घ्यावा, पण महाविद्यालयाच्या विषयाच्या जोडीला घ्यावा, त्याच्या जागी घेऊ नये.

तृतीय वर्ष, यांत्रिकी, मूळ गाव माण तालुका

मॅडम, दबाव कोणी आणायचा हा प्रश्न रास्त आहे, पण तो दबाव यशस्वी होईपर्यंत माझी चार वर्षे संपलेली असतील. श्रेयांक (क्रेडिट) मिळणार नसतील तर बारा आठवडे दर आठवड्याची असाइनमेंट करायला आमच्या वर्गातली मुले वेळ काढणार नाहीत, कारण त्याच काळात अंतर्गत परीक्षा आणि सबमिशन असतात. ‘जोडीला घ्या’ या सल्ल्याचा अर्थ बहुतेकांसाठी ‘घेऊ नका’ असाच होतो.

माझी मागणी एवढीच आहे की सैद्धांतिक विषयांना श्रेयांक द्यावेत आणि प्रयोगशाळेचा एकही विषय ऑनलाइन करू नये. उष्मागतिकी किंवा नियंत्रण प्रणाली आयआयटीच्या प्राध्यापकांकडून शिकायला माझी हरकत नाही. त्यातून वाचलेले तास महाविद्यालयाने आम्हाला लेथवर आणि टेस्ट रिगवर द्यावेत. आपल्या विभागात असे वेळापत्रक बसवता येईल का, हे आपण सांगितले तर मी ते आमच्या विभागप्रमुखांपुढे ठेवीन.