बांदीत सारसाचं घरटं असेल तर शेतकऱ्याला पैसे द्यायचे की नाही?

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. महाराष्ट्रात सारस म्हटलं की गोंदिया आणि थोडासा भंडारा, पलीकडे नदी ओलांडली की मध्य प्रदेशातलं बालाघाट, बस. गोंदियातला आकडा गेली काही वर्षं तीस-चाळीसच्या आसपास घुटमळतोय. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यात उंच पक्षी, आणि राहतो कुठे तर तलावाच्या काठाला आणि धानाच्या बांद्यांमध्ये, म्हणजे बांध घालून पाणी धरलेल्या शेतांमध्ये. पाऊस लागला, रोवणी झाली की तिथेच घरटं, साधारण दोन अंडी, महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. म्हणजे हा पक्षी टिकणार का नाही ते नागझिऱ्याच्या जंगलात ठरतच नाही, ते परसवाडा-झिलमिलीकडच्या शेतकऱ्याच्या बांदीत ठरतं.

इथली 'सेवा' नावाची संस्था आणि गावोगावचे शेतकरी मिळून वर्षानुवर्षं घरटी राखतायत, उन्हाळ्यात गणना करतायत, हे काम मी जवळून बघतो आणि मला त्याचा फार अभिमान आहे. पण आता नुसत्या प्रेमावर चालणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या बांदीत घरटं त्याला त्या हंगामाचं ठराविक मानधन मिळालंच पाहिजे. भरपाई नाही म्हणत मी, मानधन म्हणतोय. भरपाईत शेतकरी हात पसरून उभा असतो, मानधनात तो काम करतोय आणि त्याचे पैसे घेतोय.

हिशोब बघा. घरटं जेमतेम दोन मीटरचं, आजूबाजूचं तुडवलेलं धरून एक गुंठा समजू. हेक्टरी ४० क्विंटल धान धरलं तर गुंठ्याला ४० किलो, २०२५-२६ च्या २,३६९ रुपयांच्या हमीभावाने साडेनऊशेच्या आसपास रुपये. एवढ्या रकमेसाठी आपण अख्खा पक्षी गमावणार का? धान उत्पादकांना सरकारने २०२४-२५ ला हेक्टरी २०,००० प्रोत्साहन दिलंच ना, नोंदणी असते, सातबारा असतो, बँक खातं असतं. त्याच यादीत एक रकाना वाढवा, जिल्हा नियोजनातून पैसे टाका. तुमचं काय मत?

पाणथळ
पूर्ण विरोध. आणि मी पक्ष्यांच्या बाजूचाच माणूस आहे म्हणून विरोध.

देशातले सगळ्यात जास्त सारस उत्तर प्रदेशात आहेत, हजारोंनी आहेत, तिथला राज्यपक्षी आहे, आणि बहुतेक सगळे शेतातच राहतात. ते काय शेतकऱ्यांना घरट्यामागे पैसे वाटून टिकलेत का? लोकांना तो पक्षी शेतात असलेला चालतो, आवडतो, म्हणून टिकलेत. एकदा का तुम्ही घरट्याला दर लावला की उद्या दर बंद झाल्यावर काय? आणि सरकारी पैसा बंद होतोच, एक रुपयात पीकविमा आला २०२३ ला आणि २०२५ ला गेला पण. ज्या माणसाने आजवर स्वतःच्या मनाने घरटं राखलं तोच म्हणेल की पैसे नाहीत तर राखू कशाला. जे फुकट आणि मनापासून होतंय त्याला पैशाचा वास लावू नका.

बांदीवाला
पाणथळ भाऊ, फुकट होते म्हणता, कोणाच्या जिवावर होते ते तं सांगा.

माझ्या बांदीत घरटं होतं जी, म्हणून बोलून राहिलो. वैनगंगाकाठ भाऊचा हजार रुपयाचा हिशोबही बरोबर नाही. धान तुडवलं ते काहीच नाही, तेवढं तं ढोरं खाऊन जातात. खरी गोष्ट पाण्याची आहे. घरटं असलं की त्या बांदीतलं पाणी सोडता येत नाही, पाणी उतरलं की घरटं उघडं पडते अन् कुत्रे पोचतात. पाणी सोडता येत नाही तं युरिया फेकता येत नाही, निंदण करायला बाया उतरवता येत नाही कारण माणूस गेला की जोडी उठते अन् वर कावळे टपूनच असतात. ऑगस्टात गादमाशी, धानाची कीड, आली तं फवारायचं कसं? बाजूच्या बांदीत पाणी जायचं असते माझ्याच बांदीतून, तो शेजारी बोंबलते ते वेगळं. एका गुंठ्याचा नाही, पुऱ्या बांदीचा सवाल राहाते, कधी दोन बांद्यांचा.

आमच्याकडे सारसाले कोणी दगड मारत नाही, लहान पोरं बी नाही मारत. जोडीनं राहाते, एक मेला तं दुसरा झुरते म्हणतात. आम्हाले त्याची माया आहे. पण मायेनं सोसायटीचं कर्ज फिटत नाही.

माळरान_सोलापूर
आमचा अनुभव ऐका, उपयोगी पडेल. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य केलं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके आत घेतले, त्यात बहुतेक सगळी खाजगी शेतं, गावं, बाजारपेठा. मग जमीन विकायची अडचण, बांधकामाची अडचण, कुठलाही प्रकल्प आला की अडचण. ज्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक बघितला नव्हता त्याला तो पक्षी म्हणजे सातबाऱ्यावर बसलेलं संकट वाटायला लागला. पुढे कोर्टापर्यंत जाऊन क्षेत्र १,२२२ चौ.किमी.वर आणलं पण तोवर माणसांची मनं गेली होती आणि पक्षीही गेला होता. आज त्याच अभयारण्यातल्या नान्नजला एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

त्यात शेतकऱ्याची चूक नव्हती हो. ज्वारी, करडई, भुईमूग करणाऱ्या कोरडवाहू शेतातच तो पक्षी जगत होता, त्या शेतीला आधार दिला असता तर ऊस आला नसता सगळीकडे. नियम लादले, हातात काही दिलं नाही. त्यामुळे सारसासाठी कोणी "संरक्षित क्षेत्र" वगैरे म्हणायला लागलं तर पहिल्या दिवशी उभे राहून विरोध करा. पैसे देऊन करार करा, तो मोडला तर पैसे बंद एवढीच शिक्षा, बाकी सातबाऱ्याला हात लावायचा नाही.

पाणथळ
माळढोकाचं मान्य, ते उदाहरण कोणीच नाकारणार नाही. पण त्यावरून रोख पैसे हाच उपाय कसा सिद्ध होतो? गुजरातेत खेडा जिल्ह्यात गावातल्याच लोकांचे सारस संरक्षण गट केले, शाळांमधून काम केलं, घरट्यावर लक्ष ठेवणारे गावातले, आणि तिथे सारस वाढले. पैसा आला पण गटाला, कामाला. एकेका सातबाऱ्याला नाही.

तलाववाली
मला तुमच्या दोघांच्या भांडणात मूळ गोष्टच हरवलेली दिसतेय. घरटं ही चार महिन्यांची गोष्ट झाली. उरलेले आठ महिने सारसाने जायचं कुठे?

आपला जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनी बांधलेले हे माजी मालगुजारी तलाव, मामा तलाव म्हणतो आपण, आणि प्रत्येक शेताला आपापली बोडी, म्हणजे छोटं तळं. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले आणि सगळ्यांचे म्हणता म्हणता कोणाचेच राहिले नाहीत. गाळ भरला, बेशरमची झुडपं माजली, आणि जिथे देवधान, म्हणजे जंगली भात, उगवायचं, जिथे सारस कंद उकरून खायचे, तिथे आता काय आहे ते जाऊन बघा. ढिवर समाजाच्या बायकांनी काही तलावांत उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती आणून लावल्या, मासे परत आले, पाखरं परत आली. हे काम कुठल्या योजनेत बसत नाही म्हणून वर्षानुवर्षं वणवण करत केलंय त्यांनी.

आणि बांदीवाला भाऊ, राग मानू नका पण शेतकऱ्यांनाही विचारायला हवं. तलावाच्या पोटात सरकत सरकत धान कोण लावतं? उन्हाळी धानासाठी मोटर टाकून तलाव मे महिन्यात तळाला कोण नेतं? घरट्याचे पैसे एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने तलाव उपसायचा, मग त्या पैशाने काय वाचलं? माझं म्हणणं, पैसा द्यायचा तर तलावाला द्या. मासेमारी सोसायटी, पाणी वापरणारे शेतकरी, दोघांना एकत्र बसवा आणि उन्हाळ्यात किमान किती पाणी ठेवायचं ते गावाने ठरवावं.

बांदीवाला
ताई राग नाही, खरं बोलल्या तुम्ही. तलावाच्या पोटात धान आहेत लोकांचे, माझ्याच गावात आहेत. पण उन्हाळी धान काऊन लावते माणूस ते बी पाहा ना. खरिपाचं एकच पीक, त्यात तुडतुडे आले की कापणीच्या तोंडावर पुरी बांदी जळल्यासारखी होते. वाचलंच तं कडपा, म्हणजे कापलेलं धान, बांदीत पडल्या अन् पाऊस आला की जागेवर कोंब फुटते. उन्हाळी धान हाच काय तो हातातला पैसा.

अन् एक गोष्ट सगळ्याच पक्षीवाल्यांना सांगतो. तुम्ही सारसासाठी येता, फोटो काढता, चांगले लोक आहात. पण रात्री डुकरं बांदीत घुसते तेव्हा कोणी येत नाही. डुकरानं एका रात्रीत जे केलं ते सारसाची जोडी दहा वर्षात नाही करणार. जंगलाच्या कडेचा शेतकरी मचाणावर झोपते जी, पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, होईपर्यंत. शेतकऱ्यासोबत काम करायचं म्हणता तं आमच्या डुकराच्या भांडणात बी या. फॉर्म भरायला या, पंचनाम्याला फॉरेस्टवाल्यासोबत उभे राहा. तेव्हा मग सारसाचं आम्ही पाहून घेऊ.

वैनगंगाकाठ
बांदीवाला दादा, हा मुद्दा मला पूर्ण पटतो. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीकविम्यात धरणार, पण ७२ तासांत अ‍ॅपवर फोटो टाकून कळवायचं. आता रात्री डुक्कर घुसलं, सकाळी माणूस बांदीत, नेटवर्क नाही, अ‍ॅप उघडत नाही, ७२ तास असेच जातात. गणनेला येणारी आमची पोरं मोबाईल-जीपीएस सगळं वापरतात, त्यांनी गावात एकेक जण नेमून हे फोटो आणि फॉर्म भरून दिले तर त्यात काहीच अवघड नाही. मी आमच्या ग्रुपवर आजच टाकतो. सारसाच्या गावांतून सुरुवात करू.

पाणथळ, तुमच्या पैशाच्या वासाबद्दल. शिक्षक पगार घेतो म्हणून त्याची मुलांवरची माया खोटी होत नाही. शेतकऱ्यालाच काय म्हणून दरवेळी त्यागाची परीक्षा? मोठ्या शहरात बसून पाच लाखाचा कॅमेरा गळ्यात घालून आपण म्हणायचं की तू मात्र मनापासून कर, फुकट कर, हे मला नैतिकदृष्ट्याच चूक वाटतं.

तलाववाली ताई, तलावाला पैसे हवेतच. पण तलावाचा ठराव, मग मोजणी, मग अतिक्रमण, यात पाच वर्षं जातील आणि तीस-चाळीस पक्ष्यांकडे पाच वर्षं आहेत असं मला वाटत नाही. दोन्ही एकदम करावं लागेल.

माळरान_सोलापूर
विजेच्या तारांचं कोणीच बोललं नाही इथे? माळढोक तारांना धडकून मरतो हे राजस्थानात सगळ्यांनी बघितलंय, सारसही तसाच जड पक्षी आहे.

वैनगंगाकाठ
बरोबर. गोंदियात तारांना लागून सारस मेलेत. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसांची स्वतःहून दखल घेतली, त्यात तारांचा विषय मोठा आहे. शेतकरी अंडं राखतो, पिल्लू उडायला लागतं आणि पहिल्याच हिवाळ्यात तारेला लागतं, याचं फार वाईट वाटतं. हे शेतकऱ्याच्या हातातलं कामच नाही, तिथे दुसरं कोणी घाम गाळायला हवा.

पाणथळ
तारांबद्दल एकशे एक टक्के सोबत. औषधांबद्दलही बोलूया, २०१७ ला यवतमाळात फवारणी करताना माणसं मेली, तसल्याच विषाच्या पाण्यात सारसाची पिल्लं किडे-गोगलगायी वेचतात. घरट्याच्या बांदीत आणि तिला लागून असलेल्या बांद्यांत फवारणी नाही अशी अट असेल, आणि पैसे पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत जात असतील तर मी विरोध सोडून चर्चा करायला तयार आहे. थेट खात्यात घरट्यामागे अमुक रुपये, याला मात्र माझा विरोध कायम. निदान अर्धे पैसे तरी पिल्लू बाहेर पडल्यावरच द्या, नाहीतर लोक नुसतं घरटं दाखवून मोकळे होतील.

बांदीवाला
नाही जी. पिल्लाची अट नको. अंडं कावळ्यानं नेलं, नाही तं एका रात्री ढगफुटी झाली अन् घरटं वाहून गेलं, त्यात माझा काय दोष? मी तं महिनाभर पाणी धरून ठेवलंच ना. पैसे पाणी धरल्याचे द्या, न फवारल्याचे द्या, ते तुम्ही येऊन पाहू शकता. अन् बाजूच्या बांदीत फवारायचं नाही म्हणता तं त्या शेजाऱ्याचं बी नाव यादीत टाका, त्याले का माहीत सारस कोणाच्या धुऱ्यावर बसते ते. समितीमार्फत द्या का खात्यात द्या, मले फरक नाही पडत, फक्त दिवाळीच्या आधी द्या, कापणीच्या मजुरीले लागते पैसा.

तलाववाली
शेजाऱ्याचं नाव यादीत हे फार महत्त्वाचं आहे, हे लिहून घ्या कोणीतरी. आणि मे महिन्यातल्या पाण्याची अट त्याच कागदावर येऊ द्या, तलावाचा वेगळा कागद केला की तो फाईलीतच राहील.

वैनगंगाकाठ
लिहून घेतलं ताई. रोवणीच्या आधी आमच्याकडच्या एक-दोन ग्रामसभांमध्ये हा विषय मांडायचा प्रयत्न करतोय. बांदीवाला दादा, तुम्ही यायला तयार असाल तर मेसेज करा, हे पाण्याचं गणित माझ्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं.

बांदीवाला
येतो ना. पण डुकराचा विषय पहिले घ्या, मग सारसाचा. तरच लोक बसतील.