स्टेशनवरच्या मोफत वाय-फायवर पासवर्ड मागितला गेला तर?

प्रश्न: मुंबई सेंट्रल स्थानकात जानेवारी २०१६ मध्ये मोफत वाय-फाय सुरू झाले, तेव्हापासून गाडीची वाट पाहताना मी ते वापरत आले आहे. परवा मात्र जवळजवळ सारख्याच नावाची दोन नेटवर्के दिसली आणि त्यांपैकी एकाने ओटीपीऐवजी थेट ईमेलचा पासवर्ड मागितला. हे काय असावे?

पहिले उत्तर: पासवर्ड दिला असल्यास आत्ताच बदला. नेटवर्कला कोणीही कोणतेही नाव देऊ शकतो, आणि नाव हुबेहूब असेल तर पूर्वी जोडलेला फोन न विचारताच जोडला जातो. खोटा हॉटस्पॉट उभारणाऱ्याचे फावते ते इथेच. 'ऑटो कनेक्ट' बंद ठेवा.

दुसरे उत्तर: २०१० मध्ये फायरशीप हे फायरफॉक्स ब्राउझरचे एक्स्टेंशन (त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम) आले तेव्हा त्याच उघड्या वाय-फायवरील दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरता येत असे, कारण लॉगिननंतरची कुकी (साइटला तुमची ओळख पटवणारी छोटी नोंद) उघडीच पाठवली जाई. आता एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक रूपात पाठवणाऱ्या पद्धतीमुळे, मजकूर वाचता येत नाही. तरीही ब्राउझरने साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर कृपया तिथेच थांबा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. पासवर्ड दिला नव्हता. बँकेच्या कामांसाठी यापुढे मोबाइल डेटाच वापरेन.