स्पॅनिश बोलण्यातील लाडाची संबोधने : शब्दशः अर्थ कितपत धरावा?

प्रश्न

मी स्पॅनिश शिकत असून सरावासाठी स्पेनमधील सेविया आणि अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस येथील काही जणांशी नियमित बोलते. व्याकरण बरेचसे आवाक्यात आले आहे, मात्र संबोधनांपाशी मी अडखळते. सेवियातील एक बाई पहिल्याच संभाषणात मला ‘कारिन्यो’ म्हणाल्या, तर ब्वेनोस आयरेसचे एक गृहस्थ आपल्या पत्नीला सर्वांसमक्ष ‘गोर्दा’ अशी हाक मारतात. शब्दकोशात पहिल्याचा अर्थ ‘माया’ आणि दुसऱ्याचा ‘जाडी’ असा दिला आहे. यांतून काय समजावे आणि हे शब्द मी स्वतः वापरावेत का?

पहिले उत्तर

‘कारिन्यो’मुळे संकोचण्याचे काहीच कारण नाही. स्पेनमध्ये बाजारातील विक्रेत्या अनोळखी गिऱ्हाइकालाही ‘कारिन्यो’, ‘सिएलो’ (आकाश), ‘कोरासोन’ (हृदय) किंवा ‘ग्वापा’ (सुंदर) म्हणतात. त्यात प्रणय नसतो, फक्त बोलण्यातला ओलावा असतो. सेवियात तुम्हाला ‘मियार्मा’ही ऐकू येईल. ते मुळात ‘मि आल्मा’, म्हणजे ‘माझा आत्मा’. आंदालुसियाच्या (सेविया ज्या प्रदेशात आहे त्याच्या) बोलीत व्यंजनापूर्वीच्या ‘ल’चा ‘र’ होतो, म्हणून त्याचे रूप असे बदलले. कॅनरी बेटांवर मोठ्या माणसांनाही ‘मि निन्यो’, ‘मि निन्या’ (माझ्या बाळा) म्हणतात.

कॅरिबियन भागात, विशेषतः पोर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात, ‘पापी’ (बाबा) आणि ‘मामी’ (आई) हे शब्द प्रियकर-प्रेयसीसाठी वापरले जातात, आणि त्याच घरातील आई आपल्या लहान मुलालाही ‘पापी’ म्हणते. म्हणून शब्द ऐकताच अर्थ ठरवू नये. कोण, कोणाला आणि कोणत्या सुरात बोलत आहे, हे आधी पाहावे.

व्याकरणाची एक बाब लक्षात ठेवावी. ‘कारिन्यो’, ‘सिएलो’, ‘आमोर’ (प्रेम) ही नामे असल्यामुळे स्त्रीला उद्देशूनही तशीच राहतात, तर ‘गोर्दो’ या विशेषणाचे ‘गोर्दा’ होते.

दुसरे उत्तर

‘गोर्दा’बद्दल लिहितो. अर्जेंटिना आणि उरुग्वे येथे ‘गोर्दो’ (जाडा), ‘फ्लाको’ (बारीक), ‘नेग्रो’ (काळा) ही संबोधने इतकी रुळलेली आहेत की ज्याला ‘गोर्दो’ म्हणतात तो माणूस जाडा असावा लागत नाही. पती-पत्नी एकमेकांना ‘गोर्दि’ अशा आणखी लाडक्या रूपानेही बोलावतात. प्रख्यात गायिका मेर्सेदेस सोसा यांना अर्जेंटिनाचे लोक प्रेमाने ‘ला नेग्रा’ म्हणत.

‘बिएखो’ (म्हातारा) या शब्दाचेही असेच आहे. ब्वेनोस आयरेसमध्ये ‘मि बिएखा’ म्हणजे बोलणाऱ्याची आई, तर मेक्सिकोत तेच शब्द पत्नीसाठी येतात आणि अनेकांना ते अशिष्ट वाटतात. त्यामुळे एका देशात शिकलेले संबोधन दुसऱ्या देशात वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

तिसरे उत्तर

वरील मताला एका प्रसंगाची जोड देतो. नोव्हेंबर 2020 मध्ये उरुग्वेचा फुटबॉलपटू एदिन्सन कावानी याने अभिनंदन करणाऱ्या मित्राला इन्स्टाग्रामवर ‘ग्रासियास नेग्रितो’ (धन्यवाद; ‘नेग्रितो’ हे ‘नेग्रो’चे लाडके रूप) असे उत्तर दिले. तो तेव्हा इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडकडून खेळत होता. तेथील फुटबॉल संघटनेने हा शब्द वंशवाचक ठरवून त्याच्यावर 3 सामन्यांची बंदी घातली आणि 1,00,000 पौंडांचा दंड केला. उरुग्वेच्या राष्ट्रीय साहित्य अकादमीने त्यावर जाहीर निषेध नोंदवला आणि त्यांच्या देशात हे प्रेमाचे संबोधन आहे, असे सांगितले. कावानीचा हेतू स्नेहाचाच होता, असे मला मनापासून वाटते. तरीही शरीर किंवा वर्ण दर्शवणारे शब्द परक्या शिकणाऱ्याने स्वतःहून उच्चारू नयेत. ते ऐकावेत, समजून घ्यावेत आणि ज्यांच्या नात्यातले आहेत त्यांच्याकडेच राहू द्यावेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मग त्या सेवियाच्या बाईंना मी काय उत्तर द्यावे? नुसते ‘ग्रासियास’ कोरडे वाटते.

पहिले उत्तर देणारे

‘ग्रासियास, ग्वापा’ म्हणा. स्पेनमध्ये स्त्रिया एकमेकींना हे सर्रास म्हणतात, आणि त्यासाठी जुनी ओळख असावी लागत नाही.