दुसऱ्या फ्रेडरिकचा ग्रंथसंच: सांधे फुटले म्हणून नवी बांधणी करावी का?

मूळ चर्चाधागा (लिहिणारा सदस्य: जुजबंदी)

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक (१७१२-१७८६) आयुष्यभर मुख्यतः फ्रेंचमध्ये लिहीत राहिला: इतिहास, कविता, पत्रं, युद्धशास्त्र. त्याच्या लेखनाचे दोन संच संग्राहकांच्या ओळखीचे आहेत. एक १७८८चा, मरणोत्तर प्रकाशित झालेल्या लेखनाचा, बर्लिनच्या फॉस आणि डेकर यांचा, १५ खंडांचा. दुसरा योहान प्रॉइस यांनी संपादित केलेला, १८४६ ते १८५६, ३० खंडांचा. चामडी बांधणीतल्या अशा संचात चार-सहा खंडांचे सांधे (पुस्तकाचा कणा, म्हणजे पाठ, आणि पुठ्ठा जिथे जुळतात ती घडी) फुटलेले दिसले, की सल्ला मिळतो: सगळे खंड एकसारखे नव्याने बांधून घ्या. माझं मत, तसं करू नये.

नव्या बांधणीत जुनी शिवण उसवावी लागते, कण्यावरचा सरस ओला करून खरवडावा लागतो, जुजं (एकत्र दुमडून शिवलेले पानांचे गठ्ठे) सुटी करावी लागतात. त्यात घडीवर पानं फाटतात. ती पातळ जपानी कागदाने सांधली की प्रत्येक जुज किंचित जाड होतं आणि कणा फुगतो. पुन्हा शिवल्यावर कडा खालीवर होतात, म्हणून बांधणारा कटर चालवतो. दर बाजूने दोन मिलिमीटर गेले तरी सोनेरी कडा संपल्या, आणि समास गेला तो परत येत नाही.

पानवाचक

असहमत. तुम्ही ज्याला जुनी बांधणी म्हणता ती प्रकाशकाची नाहीच. १८व्या शतकाच्या अखेरीस युरोपात पुस्तकं बहुतेक साध्या कागदी वेष्टनात किंवा सुट्या छापील तावांत विकली जात. चामडं चढवायचा तो खरेदीदार, आपल्या ऐपतीप्रमाणे. मग १७८८च्या संचावर १८३० साली कुणी चढवलेलं वासराचं चामडं पवित्र का मानायचं? पुठ्ठा सुटला की पहिल्या जुजाला आधार राहत नाही. पुस्तक उघडलं की ताण थेट शिवणीवर येतो, दोरा तुटतो, आणि पहिली आठ-सोळा पानं मोकळी होतात. पुस्तक वाचता आलं पाहिजे. शिवाय कडा छाटू नका असं सांगून नवी बांधणी करून घेता येते. चांगला बांधणारा ते ऐकतो.

जुजबंदी

ऐपतीप्रमाणे चढवलेलं चामडंही पुरावाच आहे. आतल्या कोऱ्या पानावरचं मालकाचं चिन्ह, कण्यावरचे ठसे, खंडांचे क्रमांक यांवरूनच संच पहिल्यापासून एकत्र होता की दोन अपुरे संच जोडून केला, हे कळतं. नव्या एकसारख्या चामड्याखाली ते झाकून जातं. १७८८च्या संचात पहिले दोन खंड 'माझ्या काळाचा इतिहास', पुढचे दोन सप्तवार्षिक युद्धाचे. कण्यावरचं लेबल आणि आतलं शीर्षकपान जुळतं का, हे आधी प्रत्येक खंडात बघावं.

आणि वाचायचंच असेल तर १७८८ची संहिता भरवशाची नाही. प्रॉइस यांना नवी आवृत्ती करावी लागली त्याचं हे एक कारण. प्रॉइस यांचा संच तर ट्रियर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर खुला केला आहे. मजकुरासाठी जुना कणा सोलायची गरज नाही.

खळ

दोघेही चामड्याची अवस्था न पाहता बोलता आहात. निर्णय तिथेच होतो. कोरड्या पांढऱ्या कापडाने कणा हलकेच पुसा. तांबूस भुकटी आली तर तो 'रेड रॉट': आम्लामुळे चामड्याचे तंतू तुटलेले. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चामड्यात हे फार, त्यामुळे प्रॉइसच्या संचात जास्त अपेक्षित. ते उलटवता येत नाही, बांधून धरता येतं: हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचं इथेनॉलमधलं सुमारे २ टक्के द्रावण, मऊ ब्रशने, पातळ थरात. आधी हे, मग सांधा. क्रम उलटला आणि गव्हाच्या पाणीदार खळीचा हात थेट अशा चामड्यावर लागला, तर ते काळं पडून कडक होतं. तो डाग जात नाही.

पुठ्ठा लटकत असेल पण शिवण धड असेल, तर रंगवलेल्या जपानी कागदाची पट्टी सांध्यावर बाहेरून आणि आतून पुरते. तेल, लॅनोलिनची मलमं लावू नका. चामडं काळवंडतं, चिकट होतं, धूळ धरतं आणि पुढची चिकटवण टिकत नाही.

पानवाचक

पट्टी हलक्या खंडाला पुरेल. चित्रकार मेन्झेल यांची २०० काष्ठचित्रं (लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं) असलेली प्रॉइसची राजेशाही आवृत्ती मोठ्या आकाराची आहे, तिथे कागदी सांधा पुठ्ठ्याचं वजन किती दिवस पेलणार? अशा खंडांना कणा बदलावा: जुना कणा उचलायचा, खाली नवं चामडं घालून पुठ्ठ्याच्या चामड्याखाली सरकवायचं, जुना कणा वर परत चिकटवायचा.

खळ

मोठ्या खंडांबाबत मान्य, पण चामडं तंतू धरून असेल तरच. भुकटी झालेला कणा उचलताना तुकडे होतो. मग परत चिकटवायला उरतं फक्त लेबल.

जुजबंदी

कणा बदलण्याला माझा विरोध नाही, तीसच्या तीस खंडांना एकाच वेळी नवं चामडं घालण्याला आहे. ज्या खंडाची शिवण तुटली तोच शिवा. मेन्झेल यांना चित्र १२ सेंटिमीटरच्या आत बसवायची अट होती. लहान चित्र आणि भोवतीचा मोठा समास हीच त्या पानाची रचना. म्हणून त्या खंडांना कटर नकोच, बांधणारा कितीही चांगला असो.