ऑक्टोपसचा कंटेनर नक्की जातो कुठं?

रावेरचा_केळीवाला:
रामराम मंडळी. भाचा वेरावळला मासळीच्या प्रोसेसिंग कंपनीत लागलाय, काल फोनवर सांगत होता की मामा माकूल (स्क्विड) तर आहेच पण ऑक्टोपसही साफ करून, फ्रीझ करून बाहेर देशात पाठवतात. आपल्याला कंटेनर म्हटलं की केळी आणि १३-१४ डिग्री एवढंच माहीत. हे खातं कोण? भाव केळीसारखा वरखाली होतो का? बहिणीला काळजी, की हा धंदा टिकाऊ आहे का.

भुसावळ_ते_न्हावाशेवा:
भो, मी पोर्टवर कागदपत्रांचं काम करतो. हा माल उणे १८ किंवा त्याखाली ठेवावा लागतो. मोठी गिऱ्हाईकं म्हणजे जपान, कोरिया, स्पेन, इटली. जपानी लोक त्याला ताको म्हणतात, आणि मोरोक्को, मॉरिटानियाच्या मालाची साईज टी १, टी २ अशी लावतात ती त्याच ताकोवरून, टी १ सगळ्यात मोठा. त्या दोन देशांचा माल कमी आला की भाव चढतो. एक गोष्ट केळीच्या एकदम उलट, केळी गारठली की साल काळी पडते आणि माल गेला, पण ऑक्टोपस गोठवला की त्याचं मांस मऊ होतं, म्हणून फ्रोजन माल हलका समजत नाहीत.

नवापूरकर:
आमच्याकडं उकाईच्या बॅकवॉटरवर मासेमारी चालते म्हणून मला यातलं टिकाऊपणाचंच जास्त वाटतं. हा प्राणी जेमतेम एक-दोन वर्षं जगतो, मादी एकदाच अंडी घालते, काही न खाता ती राखत बसते आणि पिल्लं निघाली की मरते. म्हणजे अंडी घालायच्या आधीच उपसली तर पुढच्या साली जाळ्यात येणार काय? मोरोक्कोत म्हणूनच वर्षातून काही काळ ऑक्टोपस धरणं पूर्ण बंद ठेवतात. स्पेनच्या एका कंपनीला कॅनरी बेटांवर वर्षाला ३००० टनांचं फार्म काढायचं ठरवलं, त्याला खूप विरोध झाला, अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियानं तर २०२४ मध्ये अशा फार्मवर बंदीच घातली. मलाही ते पटत नाही, इतका हुशार आणि एकटा राहणारा जीव टाक्यांत कोंबायचा म्हणजे.

भुसावळ_ते_न्हावाशेवा:
बरोबर. पण आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक ट्रॉलरच्या जाळ्यात माकूल, कवट्या (कटलफिश) यांच्याबरोबरच येतो. त्यामुळं भाच्याची कंपनी एकट्या ऑक्टोपसवर चालत नसणार, ताईंना सांगा.

रावेरचा_केळीवाला:
सांगतो आजच. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दिवसांत पगार चालू राहतो का तेवढं त्याला विचारायला लावतो.